यॉट नांगरावर उभी करून पाहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत कौटुंबिक सहलींसाठी दोन सारख्याच मोटर यॉटची तुलना करणारा लेख वाचला. नाशिककरांना यॉटशी काय देणंघेणं, असं कुणी म्हणेल. पण समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला आणि आमच्याकडच्या मंडळींना समुद्र जवळ वाटू लागला. दोन-तीन कुटुंबांनी मिळून वापरलेली बोट घ्यायची, ही चर्चा हल्ली कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवरही कानावर पडते. माझा जन्म व्यापारी जहाजांच्या इंजिन रूममध्ये गेला, त्यामुळे ही चर्चा फिरून फिरून माझ्यापाशी येते.

लेखात वेग होता, अश्वशक्ती होती, सोफ्याचं कातडं होतं, म्युझिक सिस्टीम होती. माझी तक्रार एकच आहे. ही सगळी तुलना बोट पळते आहे असं धरून केलेली आहे. घरची माणसं बोटीत दिवस काढतात ते मात्र ती नांगरावर उभी असताना.

साधा हिशेब करा. गेटवे ते अलिबागजवळचं मांडवा हे अंतर वीसेक किलोमीटर. 20 नॉट म्हणजे ताशी 37 किलोमीटर, म्हणजे बत्तीस-तेहतीस मिनिटं. 24 नॉटने गेलात तर सत्तावीस. या पाच मिनिटांसाठी बोट घ्यायला निघालेला माझा भाचा आणि त्याचे भागीदार महिनाभर वाद घालत होते! मांडव्यासमोर नांगर टाकला की जेवण, पत्ते, पोरांचं पोहणं, मोठ्यांची डुलकी यांत चार तास सहज जातात. जास्तीच्या वेगाची किंमत डिझेलमध्ये मोजावी लागते ते वेगळंच. तीनशे अश्वशक्तीची दोन डिझेल इंजिनं पूर्ण जोरात तासाला शंभर लिटरच्या वर पितात. हीच बोट सात-आठ नॉटने सावकाश नेली, तर तासाला त्याच्या पाव हिश्श्यातही भागतं.

भाच्याने निवडलेल्या दोन्ही बोटी चाळीस फुटांच्या आसपासच्या, फायबरच्या, दोन-दोन केबिनच्या. किमतीही जवळजवळ सारख्या. फोटो शेजारी ठेवले तर कोणती कुठली ते सांगता येऊ नये. मी दोन्ही पाहायला गेलो आणि हट्टाने ताईला, म्हणजे भाच्याच्या आईला, बरोबर नेलं. तिच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. गेटवेसमोर खासगी बोटी मुरिंगवर, म्हणजे तळाशी जखडलेल्या तरंगत्या बोयाला बांधून, उभ्या असतात; तिथवर डिंगीने, म्हणजे छोट्या होडीने, जावं लागतं. पहिल्या बोटीच्या मागचा फळा अरुंद, धरायला दांडी नाही आणि डिंगी वर तर बोट खाली. ताईने दोनदा पाय उचलून पाहिला, परत ठेवला आणि म्हणाली, "अरे, बोट छान आहे, पण मी चढू कुठून?" दलालाने लगेच सांगितलं की धक्क्यावरून चढणं सोपं जातं. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या भरती-ओहोटीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो. एखाद्या पक्क्या जेट्टीवर भरतीला जी पायरी फळ्याला लागून असते, ती ओहोटीला डोक्याच्या वर गेलेली असते, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही.

दुसऱ्या बोटीचा फळा रुंद, दोन्ही बाजूंना स्टीलच्या दांड्या, बाजूचा रस्ता पाऊल सरळ टाकता येईल एवढा आणि वरच्या डेकवर जायला शिडीऐवजी जिना. ताई चढली, बसली आणि तिने पहिला प्रश्न विचारला तो शौचालयाचा. बोट बघायला आलेल्या पुरुषांपैकी हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. एका फ्लशला दोन-तीन लिटर पाणी धरलं तर चाळीस लिटरची मैल्याची टाकी तेरा ते वीस वेळांत भरते. दहा माणसं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. पहिल्या बोटीची टाकी तेवढीच होती, दुसरीची दुपटीपेक्षा मोठी. आपल्या लेखात टाकीचा उल्लेख नाही, कॉफी मशीनचा आहे.

आता तळाविषयी. पहिलीचा तळ मागपर्यंत खोल व्ही आकाराचा आहे. लाट कापत जायला असाच तळ हवा आणि पळताना तिच्यात बसणं खरोखर सुखाचं आहे, हे मान्य. पण वेग उतरला की अशी बोट या कुशीवरून त्या कुशीवर कलंडत राहते. दुसरीचा तळ मागे चपटा आणि रुंदीही जास्त, त्यामुळे ती धावताना लाटेवर आपटते, पण उभी राहिली की बऱ्यापैकी स्थिर असते. सकाळी मतलई वारा असतो तोवर बंदर शांत. दुपारी वायव्येकडून खारा वारा जोर धरतो, त्यात येणाऱ्या-जाणाऱ्या लाँचच्या लाटा. बोट लागते ती बहुतेकांना अशा वेळी, पोट भरलेलं असताना आणि बोट उभी असताना. यावर दलाल जायरो, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या चाकाने बोटीचं डोलणं रोखणारं यंत्र, बसवून घ्या म्हणतो. जायरो काम करतो, नाही असं नाही, पण त्याचं जड चाक गती घ्यायला बराच वेळ लागतो आणि त्याला वीज लागते. म्हणजे पुन्हा जनरेटर.

जनरेटरवर मात्र मी थोडा रेंगाळणार आहे. मुंबईच्या एप्रिलमध्ये एसीशिवाय केबिनमध्ये कुणी बसणार नाही, तेव्हा नांगरावर जनरेटर चालूच राहणार. त्याचा धूर बाहेर कुठे पडतो, ते पाहा. पहिल्या बोटीत ते भोक मागच्या फळ्याला अगदी खेटून होतं आणि पोरं पाण्यात पाय सोडून बसतात ती नेमकी तिथेच. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. डिझेलच्या धुरात तो पेट्रोलच्या मानाने बराच कमी, पण असतो. शिवाय बोट सावकाश चालली असेल आणि वारा मागून असेल, तर मागे सोडलेला धूर फिरून बसायच्या जागेत येतो. मागची दारं उघडी असली की थेट केबिनमध्ये. केबिनमध्ये या वायूचा अलार्म पाहिजेच. पहिलीत तो होता, बॅटरी काढून ठेवलेला.

इंजिनांत फरक आहे आणि इथे पहिलीचं पारडं जड आहे, हेही सांगतो. तिला पॉड आहेत, म्हणजे बोटीच्या पोटाखाली फिरणारे, पुढे तोंड करून बसवलेले पंखे. जॉयस्टिकने ती आडवीसुद्धा सरकते आणि डिंगी लागेपर्यंत जागच्या जागी धरून ठेवता येते. दुसरीला जुन्या पद्धतीचे शाफ्ट, म्हणजे इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणारे सरळ दांडे, आहेत; धक्क्याला लावताना तांडेलाचा हात सराईत हवा. पण शाफ्टचं काम करणारा मिस्त्री मुंबईत माझगावपासून वेसाव्यापर्यंत सापडतो. पॉडला कंपनीचाच माणूस लागतो, तो मिळेपर्यंत बोट उभी. मला विचाराल तर पॉड आणि शाफ्ट यांच्यापेक्षा इंजिन गार ठेवायला आत घेतलेल्या समुद्राच्या पाण्याची गाळणी कुठे बसवली आहे, ते जास्त महत्त्वाचं. आपल्या बंदरात प्लास्टिकच्या पिशव्या तरंगतात. त्यातली एक आत ओढली गेली की थंड पाणी तुटतं आणि इंजिन तापतं. ती गाळणी बसल्या जागी हात घालून उघडता आली पाहिजे. दुसरीत झाकण उचललं की समोर. पहिलीत जेवणाचं टेबल हलवून, पोटावर पडून, धुराच्या तापलेल्या नळीवरून हात घालावा लागतो. बायकापोरं बोटीत असताना हे करून पाहा!

माणसं किती बसतील, यातही एक गोम आहे. युरोपीय बनावटीच्या बोटीवर ए, बी, सी, डी असे वर्ग लिहिलेले असतात. बी म्हणजे चार मीटरपर्यंतच्या लाटा, सी म्हणजे दोन मीटरपर्यंतच्या. डी म्हणजे आपल्या गंगापूर धरणाइतकं पाणी, लाट फूटभर. एकाच बोटीला बी वर्गात कमी माणसं आणि सी वर्गात जास्त माणसं चालतात. विकणारा मोठाच आकडा सांगतो. पाटी स्वतः वाचावी.

लाइफ जॅकेटांचं तर सांगायलाच नको. 18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची चाचणीवर असलेली वेगवान बोट आदळली आणि 15 जण गेले. तरीही आम्ही पाहिलेल्या एका बोटीत जॅकेटं पुढच्या गादीखालच्या कप्प्यात कोंबलेली आणि सगळी मोठ्यांच्या मापाची. लहान मूल पाण्यात पडलं की मोठ्याचं जॅकेट वर सरकून डोक्यातून निघून जातं. त्याला त्याच्या वजनाचं आणि पायांमधून पट्टा असलेलंच हवं.

आणि पावसाळा. मेअखेरपासून ऑगस्टपर्यंत गेटवे-मांडवा लाँच बंद असतात, नारळी पौर्णिमेआधी परंपरेने कोळीही समुद्रात जात नाही. म्हणजे वर्षातला चौथा हिस्सा बोट काठावर नाहीतर खाडीत उभीच. एवढ्यात बॅटऱ्या उतरतात, डिझेलच्या टाकीत पाणी साचतं आणि पाण्यात ठेवली असेल तर पंख्यांवर शिंपल्यांचा थर चढतो. भागीदारांनी या महिन्यांचा खर्च आधी वाटून घ्यावा, कातड्याचा रंग नंतर ठरवावा.

भाच्याचं मन अजून पहिलीच्या काचेच्या छतात अडकलेलं आहे, पोरंही त्याच्या बाजूने आहेत. मी दुसरीचा सर्व्हे करायला सांगितलं आहे: बोट पाण्याबाहेर काढून तळाचा ओलावा मोजायचा, दोन्ही इंजिनांचं तेल तपासायला पाठवायचं, मग बोलायचं.

आपल्याला विनंती एवढीच की पुढच्या वेळी आपल्या प्रतिनिधीने दोन्ही बोटी दुपारच्या वेळी मांडव्यासमोर नांगरावर उभ्या कराव्यात, जनरेटर चालू ठेवावा आणि सत्तरीपुढचं एक माणूस आणि दोन लहान मुलं बरोबर घेऊन लेख लिहावा. माझ्या ताईची तयारी आहे. डबाही ती आणेल.

आपला,
निवृत्त चीफ इंजिनिअर (मर्चंट नेव्ही),
गंगापूर रोड, नाशिक