त्या रंगीत फोटोखाली दोन ओळी जास्त छापा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या विज्ञान पुरवणीत ट्यूमरच्या तुकड्याचा तो मोठा फोटो आला होता ना, काळ्या बॅकग्राउंडवर हिरवे, किरमिजी, पिवळे, निळे ठिपके, आणि खाली ओळ होती की नव्या मायक्रोस्कोपमुळे पेशींचे खरे रंग दिसायला लागले. फोटो झकास होता, मी कापून ठेवलाय. पण ती ओळ वाचून कपाळाला हात लावला. पेशींना असले रंग नसतातच हो! मी टिश्यूच्या लॅबमध्ये काम करते, शास्त्रज्ञ वगैरे नाही, सेक्शन कापणारी आणि स्टेनिंग करणारी, त्यामुळे हे पत्र जरा लांबेल, तुम्हाला हवं तेवढं छापा.

पॅराफिनच्या (मेणाच्या) ब्लॉकमध्ये बसवलेल्या टिश्यूतून मायक्रोटोमवर, म्हणजे पापुद्रे कापायच्या यंत्रावर, आम्ही जो पापुद्रा काढतो तो साधारण ४-५ मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका किंवा त्याहून पातळ. तो काचेवर घेतला की जवळजवळ काहीच दिसत नाही, पाण्याचा ओघळ वाळल्यासारखा फिकट डाग. म्हणून तर हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन लावून निळं-गुलाबी करायची पद्धत शंभरहून जास्त वर्षं चालू आहे आणि रोजचं निदान आजही मुख्यतः त्यावरच होतं. फ्लुओरेसन्सचं तसं नाही. तिथे अँटीबॉडी एका ठराविक प्रोटीनला जाऊन चिकटते, तिच्यासोबत एक रंगद्रव्य बांधलेलं असतं, त्यावर एका तरंगलांबीचा प्रकाश मारला की ते दुसऱ्या, जास्त तरंगलांबीचा प्रकाश परत फेकतं. अल्बर्ट कून्स यांनी १९४१ मध्ये ही अँटीबॉडीला चमकणारी शेपूट लावायची कल्पना करून दाखवली, म्हणजे मूळ कल्पना तशी जुनीच. आणि आता गंमत बघा, कॅमेरा जो फोटो काढतो तो कृष्णधवल असतो. प्रत्येक चॅनेलचा, म्हणजे एकेका रंगद्रव्याचा, वेगळा, नुसता राखाडी, कुठे उजळ कुठे काळा. रंग नंतर कम्प्युटरवर माणूस देतो. टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) हिरव्या आणि ट्यूमरच्या पेशी किरमिजी हे त्या दिवशी स्क्रीनपुढे कोण बसलंय त्यावर ठरतं, उद्या मी उलटं केलं तरी विज्ञानात काडीचा फरक पडणार नाही, फक्त तुमच्या पानावर फोटो वेगळा दिसेल.

मग तुमच्या लेखातल्यासारखी चाळीस-पन्नास प्रोटीन एकाच तुकड्यात दिसली हे कसं, तर लेखात लिहिलं होतं की मशीन तेवढे रंग ओळखतं. नाही ओळखत. रंगद्रव्याचा परत येणारा प्रकाश एका टाचणीवर नसतो, तो कित्येक नॅनोमीटर पसरलेला असतो, शेजारच्या रंगद्रव्याच्या अंगणात सांडतो, त्यामुळे साध्या फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपवर एका वेळी चार-पाच चॅनेल नीट वेगळे काढता येतात, त्यापुढे खिचडी. म्हणून फेऱ्या कराव्या लागतात. केंद्रकाचा एक रंग आणि तीन-चार अँटीबॉडी लावायच्या, फोटो काढायचे, रंगद्रव्य मारून टाकायचं, पुन्हा नव्या अँटीबॉडी, पुन्हा फोटो. हार्वर्डच्या पीटर सोर्गर यांच्या गटाने २०१५ मध्ये सायसिफ नावाने ही रीत मांडली, ब्लीच करायला हायड्रोजन पेरॉक्साइड, अल्कली आणि लख्ख उजेड, इतकंच. २०१८ मध्ये त्यांनीच हे फॉर्मलिनमध्ये टिकवून पॅराफिनमध्ये बसवलेल्या टिश्यूवर साठेक प्रोटीनपर्यंत करून दाखवलं, आणि तेही नेहमीच्या मायक्रोस्कोपवर. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या गॅरी नोलन यांच्या लॅबमधून कोडेक्स आलं, त्यात सगळ्या अँटीबॉडी एकदमच लावतात पण प्रत्येकीला डीएनएची वेगळी छोटी चिठ्ठी बांधलेली असते, मग दर फेरीत दोन-तीन चिठ्ठ्याच चमकवायच्या, विझवायच्या, पुढच्या घ्यायच्या. म्हणजे 'नवा मायक्रोस्कोप' हा या गोष्टीचा हीरो नाही, हीरो आहे धीर. आणि बफर, म्हणजे धुवायचं द्रावण. लिटरच्या लिटर बफर.

आता माझा खरा मुद्दा. रंगाचं एक वेळ सोडा, माझं दुखणं काळ्या भागाचं आहे. वाचणारा समजतो की जिथे चमक नाही तिथे ते प्रोटीन नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला, फोटोत दिसतंयच की! पण काळं दिसायची कारणं कितीतरी. प्रोटीन खरंच नसेल. किंवा आहे, पण फॉर्मलिनने ते असं जखडलंय की अँटीबॉडीला शिरायला जागाच नाही, म्हणून तर आम्ही सेक्शन आधी सायट्रेटच्या किंवा पीएच ९ च्या बफरमध्ये तापवून घेतो आणि एका अँटीबॉडीला एक बफर चालतो तर दुसरीला तो मुळीच चालत नाही. किंवा आधीच्या फेऱ्यांच्या ब्लीचने तो भागच खराब झाला, काही प्रोटीनं पहिल्या फेरीत छान दिसतात आणि आठव्या फेरीत लावली की मलूल, म्हणून कोणती अँटीबॉडी कधी लावायची हा क्रम ठरवण्यातच आठवडे जातात. किंवा, हे सगळ्यात वाईट, टिश्यूच उठून गेली. सहाव्या फेरीत धुताना कोपऱ्याचा एक तुकडा सुटून वाहून गेला की सातव्या फेरीपासून पुढच्या सगळ्या प्रोटीनसाठी तो कोपरा काळा, आणि चाळीस चॅनेल एकावर एक ठेवून बनवलेल्या सुंदर फोटोत हे कुठेच लिहिलेलं नसतं. दर फेरीत केंद्रकांचा फोटो पुन्हा काढतात तो यासाठीच, एक तर सगळ्या फेऱ्या एकमेकांवर बरोबर बसवायला आणि दुसरं म्हणजे पेशी अजून जागेवर आहेत का ते बघायला.

उलटंही होतं, नसलेलं दिसतं. तांबड्या पेशी, कोलॅजन, म्हाताऱ्या पेशींमध्ये साठणारं लिपोफ्युसिन ही मंडळी कुठलीही अँटीबॉडी न लावता स्वतःच चमकतात. म्हणून आधी अँटीबॉडी न लावलेल्या कोऱ्या स्लाइडचा फोटो घेऊन ठेवायचा असतो, घाईत तो घेतला नाही की पुढे पस्तावायची वेळ येते.

आमचाच एक किस्सा सांगते. टॉन्सिलचा तुकडा कंट्रोल म्हणून, म्हणजे पद्धत नीट चालते का ते पडताळायला, घेतात कारण त्यात टी आणि बी पेशी भरपूर असतात आणि कोण कुठे बसतं ते आधीच माहीत असतं. एकदा आमच्या आकडेमोडीत बऱ्याच पेशी अशा निघाल्या की त्यांच्यावर सीडी-३ (टी पेशींची खूण असलेलं प्रोटीन) पण आणि सीडी-२० (बी पेशींची खूण) पण, म्हणजे एकाच वेळी टी पण आणि बी पण. दोन दिवस लॅबमध्ये कुजबुज, काहीतरी नवीन सापडलंय म्हणून. तिसऱ्या दिवशी मी मूळ राखाडी फोटो झूम करून बघितले तर काय, दोन पेशी एकमेकींना खेटून बसलेल्या आणि सॉफ्टवेअरने सीमारेषा चुकीच्या जागी आखलेली, एकीच्या कडेची चमक दुसरीच्या खात्यात जमा. सगळा आनंद तिथेच मावळला. पेशींच्या सीमा आखायचं हे सेगमेंटेशन नावाचं प्रकरण फार अवघड आहे, सेलपोज, स्टारडिस्ट, मेस्मर असे चांगले मोफत प्रोग्राम आहेत आणि त्यांनी काम खूप सोपं केलंय हे खरंच, पण पाच मायक्रॉनचा पापुद्रा आणि लिम्फोसाइट (टी, बी अशा पेशी) सात-दहा मायक्रॉनचा, म्हणजे प्रत्येक पेशी मुळात कापलेलीच आहे, कुणाचं केंद्रक आलंय कुणाचं नाही, कुणी अर्धी दुसरीच्या अंगावर. तुमच्या लेखात 'एआय प्रत्येक पेशी अचूक ओळखतो' हे वाक्य होतं त्यातला अचूक हा शब्द मी पेनाने खोडला.

कुणाला वाटेल मला ही पद्धतच आवडत नाही. तसं असतं तर मी याच्यात इतकी वर्षं घालवली नसती. जागा कळणं ही फार मोठी गोष्ट आहे. टिश्यू विरघळवून पेशी सुट्या केल्या की कोण किती आहेत ते कळतं, पण कोण कुणाच्या शेजारी होतं ते कायमचं जातं. २०२० मध्ये कोडेक्स वापरून मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ३५ रुग्णांच्या टिश्यूचे १४० भाग ५६ प्रोटीनांसाठी बघितले गेले, त्यात पेशींच्या नऊ प्रकारच्या वस्त्या निघाल्या, आणि जास्त धोक्याच्या रुग्णांमध्ये पीडी-१ नावाचं प्रोटीन असलेल्या सीडी-४ प्रकारच्या टी पेशी ग्रॅन्युलोसाइटांच्या (दुसऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या) वस्तीत जास्त असतील तर रुग्ण जास्त जगतात असं दिसलं, बाकी वस्त्यांमध्ये त्या असून तसा संबंध दिसला नाही. पेशी तीच, पत्ता वेगळा. हे ऐकून माझ्यासारखीच्या पण अंगावर काटा येतो. नेचर मेथड्स या नियतकालिकाने २०२४ ची मेथड ऑफ द इयर म्हणून स्पेशियल प्रोटिओमिक्स, म्हणजे प्रोटीन जागेसकट बघायची हीच रीत, निवडलं ते उगाच नाही.

पण रुग्ण ३५ होते हेही त्याच दमात सांगायला नको का? आणि तोल म्हणून दुसरं उदाहरण घ्या, झेरोम गॅलाँ यांचा इम्युनोस्कोअर, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठीचाच. फक्त दोनच मार्कर, म्हणजे खुणेची प्रोटीनं, सीडी-३ आणि सीडी-८, दोन्ही टी पेशींवरची, तेही साध्या स्टेनने, ट्यूमरच्या मध्यात किती आणि कडेला किती एवढंच मोजायचं. २०१८ मध्ये ते अडीच हजारांहून जास्त रुग्णांवर तपासलं गेलं आणि टिकलं. त्याचा फोटो कुणी पानभर छापणार नाही, दिसायला काहीच नाही त्यात, तपकिरी ठिपके.

तर संपादकसाहेब, पुढच्या वेळी असा फोटो छापाल तेव्हा एवढं करा. कुठला रंग म्हणजे कुठलं प्रोटीन ते लिहा, चाळीसपैकी पाचच दाखवले असतील तर तसं लिहा. मायक्रॉनची पट्टी असते कोपऱ्यात, ती तुमच्या डिझाइनवाल्यांनी कापून टाकली होती, ती ठेवा, नाहीतर अख्खी गाठ आहे की शंभर पेशी आहेत कळायला मार्गच नाही. रंग कम्प्युटरवर दिलेत हे अर्ध्या ओळीत मावतं. किती रुग्णांची टिश्यू होती हेही मावतं. आणि जमलं तर लाल-हिरव्याची जोडी असलेला फोटो टाळा, किरमिजी-हिरवा मागून घ्या, लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे वाचक कमी नाहीत, त्यांना तो फोटो म्हणजे नुसता चिखल. मूळ फाइल संशोधकांकडे असतेच, पण ती मागायच्या आधी जरा जपून, एक चौरस सेंटिमीटरचा तुकडा अर्ध्या मायक्रॉनच्या पिक्सेलने टिपला तर एका चॅनेलचे ८०० एमबी होतात, चाळीस चॅनेलचे ३२ जीबी, तुमचा मेलबॉक्स बसेल.

कापून ठेवलेल्या त्या फोटोवर मी पेन्सिलने नावं लिहायचा प्रयत्न केलाय. निळा म्हणजे केंद्रकं, हे नक्की. किरमिजी घोळक्याने आहे म्हणजे केराटिन असावं, ट्यूमरच्या पेशींमधलं प्रोटीन. हिरवे सुटे गोल ठिपके कडेला दाटलेत, ते टी पेशी असणार, सीडी-८ म्हणायला माझी हरकत नाही. पिवळा कोण ते मात्र मला कळत नाहीये, मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या मोठ्या पेशी) म्हणावं तर आकार जुळत नाही, आणि तांबड्या पेशींची आपोआप चमक असेल तर मग सगळा फोटोच पुन्हा बघायला लागेल. लेखकांना विचारून तेवढं कळवाल का?

आपली,
टिश्यू लॅबमधली एक वाचक