हमिंग ऐकून बिघाड सांगणाऱ्या काकांना

काका,

सप्रेम नमस्कार. समोर आलो की तुम्ही आभार मानू देत नाही, म्हणून चारचौघांत लिहितोय. एलएम३८८६ चिपच्या किटवर बांधलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचं हमिंग, ती सततची घूंघूं, गेलं. व्हॉल्यूम शेवटपर्यंत वर नेऊन स्पीकरला कान लावला तरी आता नुसती बारीक सळसळ येते.

पुण्यात पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ज्याला विचारावं तो एकच सांगत होता, वीज सपाट करणारे कपॅसिटर वाढवा. सप्लायच्या प्लस-मायनस दोन्ही बाजूंना १०,००० मायक्रोफॅरड आधीच बसवलेले. तुम्ही मात्र सगळ्यात आधी इनपुट शॉर्ट करायला लावलंत. आवाज हलला नाही, म्हणजे फोन आणि केबल निर्दोष सुटले. मग तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, “हा शंभरचा आहे रे. पन्नासचा असता तर एक सप्तक खाली लागला असता.” पेटी वाजवणाऱ्याचा कान तो! घरची वीज ५० हर्ट्झची; ब्रिजमधून, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडमधून, गेली की त्याचे सेकंदाला १०० ठोके होतात. म्हणजे ट्रान्सफॉर्मर तारांवर गुणगुणत नव्हता, गडबड ब्रिजच्या पुढे होती.

सिरीज लॅम्प, म्हणजे विजेच्या वाटेत मध्ये जोडलेला बल्ब, लावून पाहिलं: बल्ब भप्पकन पेटला आणि मंदावला, शॉर्ट कुठेच नाही. थेट विजेवर मोजलं तर १८-०-१८ च्या ट्रान्सफॉर्मरवर दोन्हीकडे २५ व्होल्टच्या जरा वर. सप्लाय ठणठणीत.

त्यानंतर तुम्ही केलंत ते मी कुठे पाहिलं नव्हतं. मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून एक प्रोब सेंटर टॅपच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या ‘०’ वायरच्या, पॅडवर, दुसरा दोन कपॅसिटरच्या जोडावर. दोन्ही ग्राउंडच, तांब्याचा एकच ट्रॅक, अंतर जेमतेम दोन बोटं. तरी मीटरवर आकडा! कपॅसिटर भरताना करंटचे झटके त्याच दोन बोटांतून जात होते, आणि किट बनवणाऱ्याने इनपुटचं ग्राउंड नेमकं सेंटर टॅपकडून उचललेलं. ते मिलिव्होल्ट सिग्नलला चिकटून वीसेक पट मोठे होऊन बाहेर पडत होते. कपॅसिटर वाढवले असते तर झटके आणखी आखूड आणि जोरकस झाले असते, एवढंच.

इलाज ब्लेड आणि वीतभर वायरचा. इनपुटचा ट्रॅक कापला; इनपुट आणि स्पीकर या दोघांचं ग्राउंड वेगवेगळ्या वायरने कपॅसिटरच्या पलीकडे एका बिंदूवर आणलं. त्याआधी कपॅसिटर रिकामे करायला मी स्क्रूड्रायव्हर उचलला तेव्हा तुम्ही जे बोललात ते इथे लिहिता येणार नाही. त्या कामाला रेझिस्टर आता टेबलावरच असतो.

नवा पैसा खर्च झाला नाही, त्या दुकानदारांची क्षमा मागतो. तुमचा सिरीज लॅम्प अजून माझ्याकडेच आहे. मित्राने त्याच किटचा बोर्ड घेतलाय, तो सुरू केला की आणून देतो.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा