‘किती मूर्ती?’ असे विचारणाऱ्या मावशींस

ती. मावशींस,
सा. न. वि. वि.

नर्मदा परिक्रमेच्या माझ्या आठवणींचे पुस्तक या महिन्यात छापून आले. त्याची पहिली प्रत अक्राणी तालुक्यातील तुमच्या पाड्यावर पोचेल, अशी व्यवस्था मी केली आहे. तुमचे आभार खरे तर घरी येऊन मानायला हवेत. परंतु मी सावरले ते पाहून लोक सारे श्रेय मैयाला आणि माझ्या चालण्याला देतात, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहीत आहे. तुमचे नाव तुम्हाला विचारल्यावाचून छापणे मला प्रशस्त वाटत नाही.

२०२२ च्या कार्तिकात मी ओंकारेश्वरहून निघाले. १,३१२ किलोमीटर लांबीची ही नदी कुठेही ओलांडायची नाही, सतत उजव्या हाताला ठेवायची आणि दोन्ही तट पायी पुरे करायचे, हा नेम मी आणि माझी लेक मिळून करणार होतो. ती आजारात गेली, त्याला तेव्हा १४ महिने झाले होते. चालू लागल्यावर गेलेली झोप परत आली, हे खरे. पाय, पाणी आणि रात्रीचा आसरा यांपलीकडे मनाला काही सुचतच नसे. पण लेकीचे नाव माझ्या तोंडून निघत नव्हते.

सरदार सरोवराचे पाणी चढल्यापासून शूलपाणीच्या झाडीतील काठालगतची जुनी वाट बुडाली आहे आणि परिक्रमावासींना डोंगरावरच्या पाड्यांतून जावे लागते. तशाच एका चढानंतर, अंधार पडताना, मी तुमच्या अंगणात आले. काठावर परिक्रमावासीला ‘मूर्ती’ म्हणतात. तुम्ही ‘नर्मदे हर’ म्हणालात आणि त्या रिवाजाप्रमाणे विचारलेत, ‘किती मूर्ती?’

मी ‘दोन’ म्हणाले.

तुम्ही कुडाच्या भिंतीपाशी दोन ताटल्या मांडल्यात, दोघांना पुरतील एवढ्या मक्याच्या भाकरी थापल्यात, आमचूर घातलेली डाळ वाढलीत आणि वाटेकडे पाहत थांबलात. कोणी आले नाही. दुसरी मूर्ती कुठे राहिली, असे कोणीही विचारले असते, आणि उत्तर देण्याचे बळ माझ्यात नव्हते. तुम्ही विचारले नाहीत. ताटली उचलूनही नेली नाहीत. थोड्या वेळाने तुम्ही स्वतः त्या ताटलीपाशी येऊन बसलात, भाकरी मोडलीत आणि म्हणालात, ‘जेव, बाई.’ त्या रात्री मी लेकीविषयी बोलले, रडले, पुन्हा बोलले. तुम्ही चुलीत लाकडे सारत ऐकत राहिलात.

पुढे नर्मदा समुद्राला मिळते तिथे, विमलेश्वरला, समुद्रातून पलीकडच्या तटावर नेणाऱ्या नावेसाठी, भरतीची वाट पाहत, आमची नावे लिहिली जात असताना, ‘किती मूर्ती?’ या प्रश्नाला मी प्रथमच ‘एक’ असे उत्तर दिले. नंतर उगमाशी, अमरकंटकापर्यंत, आणि तेथून ओंकारेश्वरला परत येईपर्यंत ज्यांनी सदावर्त दिले, त्या सर्वांची मी ऋणी आहे.

पुस्तकातील बाकीचे सारे लिहून झाले, तरी तुमच्या अंगणातली ती संध्याकाळ लिहून होत नव्हती. प्रत्येक मसुद्यात मी माझ्या दुःखाचे वर्णन करत बसे आणि तुम्ही त्यात हरवून जात होतात. अखेर तुम्ही जे केलेत तेवढेच, त्याच क्रमाने लिहिले. ते ६४ वे पान आहे. तुमची नात तेव्हा आश्रमशाळेत सहावीत होती. ती ते तुम्हाला वाचून दाखवील. काही चुकले असल्यास तिच्याकडून कळवावे, मी दुरुस्त करीन.

माघात मी येणार आहे. या वेळी आपणा दोघींच्या भाकरी मला थापू द्याव्यात.

आपली,
एक परिक्रमावासी