खिशात मोठा चाकू, आणि मेट्रोचा दरवाजा

महोदय,

लालबागला सोफ्यांना रेक्झीन चढवायचं काम करतो. भाच्याने फ्रान्सहून ओपिनेल या तिथल्या कंपनीचा 12 नंबरचा घडीचा चाकू आणला. 12 सेंटिमीटरचं पातं, बीच लाकडाची मूठ, पातं अडकवणारी फिरती कडी. सुतळी एका ओढीत तुटते! रोज खिशात ठेवायचं ठरवलं. पण करी रोडला गर्दीत बसलं की मूठ मांडीत रुतते. पावसात लाकूड फुगून पातं निघत नाही, कार्बन पोलादावर गंजाचे ठिपके येतात. मेट्रोच्या तपासणीला घाबरून एकदा दारातूनच परतलो. आता तो तेल लावून दुकानात असतो, खिशात छोटाच. कारागिरांनी कुठली हत्यारं न्यावीत, ते स्थानकांवर मराठीत ठळक लिहा, ही कळकळीची विनंती.

— एक कारागीर, लालबाग