पगार विचारलास, बरं केलंस

सेंट्रल व्हॅली, कॅलिफोर्निया

चि. माऊस,
आत्याचे अनेक आशीर्वाद. आईच्या पाया पडते म्हणून सांग. दादा-वहिनींना नमस्कार.

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. देवचंद कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा अभ्यास, निपाणीचं ऊन, सगळं सांगून झाल्यावर शेवटी हळूच विचारलंस, "आत्या, तिकडं पब्लिक इन्फर्मेशन ऑफिसरला पगार किती, आणि तो ठरतो कशावर?" यात लाजण्यासारखं काही नाही गं. मुलीनं कुठल्याही नोकरीत शिरताना हाच प्रश्न आधी विचारायला हवा. फोनवर तुटक बोलणं होतं, म्हणून सवडीनं लिहिते.

आधी एक गोंधळ दूर करते. दादानं पंचायतीत रस्त्याच्या कामाची माहिती मागितली तेव्हा ज्यांच्याकडं अर्ज दिला, ते माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखालचे माहिती अधिकारी. मागितलेले कागद शोधून देणं हे त्यांचं काम. माझं काम तसं नाही. आमच्या कौंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या कारभाराच्या वतीनं लोकांना आणि पत्रकारांना सांगायचं काम माझं. वणवा लागला, पाणी दूषित झालं, साथ आली, रस्ता बंद झाला की काय घडलंय आणि लोकांनी काय करायचं, हे वेळेत, खरं आणि समजेल असं सांगायचं. इकडं पोलीस, अग्निशमन दल, आरोग्य खातं, शाळांचे डिस्ट्रिक्ट, पाणीपुरवठा, सगळीकडं असा माणूस असतो. मोठ्या आपत्तीत तर तो थेट मुख्य अधिकाऱ्याच्या हाताखाली बसतो, सुरक्षा अधिकाऱ्याच्या आणि इतर खात्यांशी समन्वय ठेवणाऱ्याच्या बरोबरीनं.

आता आकडा. अमेरिकेचं कामगार आकडेवारी खातं आमच्या पदाची वेगळी मोजणी करत नाही, जनसंपर्क तज्ज्ञांच्या मोठ्या गटात आम्हाला धरतं. त्या गटाचा मे २०२३ चा मधला पगार वर्षाला ६६,७५० डॉलर होता. मधला म्हणजे अर्ध्यांना त्याहून जास्त, अर्ध्यांना कमी. वर चढत जाऊन जनसंपर्क व्यवस्थापक झालं, तर त्या गटाचा मधला आकडा १,३४,७६० डॉलर. या आकड्यांना डॉलरच्या भावानं गुणून घरात सांगत बसू नकोस. यातून केंद्राचा कर जातो, राज्याचा कर जातो, सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी म्हातारपणच्या पेन्शनचे, ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्याचे, १.४५ टक्के जातात, पेन्शनचा आपला वाटा जातो. उरलेल्यातला मोठा घास घरभाडं खातं.

माझा स्वतःचा आकडा इथं लिहीत नाही, कारण तो तुला घरबसल्या बघता येतो. कॅलिफोर्नियात २०१० साली बेल नावाच्या पस्तीसेक हजार वस्तीच्या गावात उघडकीला आलं की तिथला मुख्य प्रशासक वर्षाला जवळजवळ ८ लाख डॉलर पगार घेत होता. गरीब, कष्टकरी लोकांचं गाव ते. लॉस एंजेलिस टाइम्सनं ते बाहेर काढलं आणि त्यानंतर राज्याच्या कंट्रोलरनं, म्हणजे हिशोब सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यानं, सगळ्या गावांचे, कौंट्यांचे पगार एका वेबसाइटवर टाकायला सुरुवात केली. नावं नसतात, पद, खातं आणि रक्कम असते. शेजारच्या कौंटीत माझ्यासारख्याच कामाला काय मिळतं हे बघूनच मी पगाराचं बोलणं करायला गेले होते. आपल्याकडंही हा हक्क आहे, फक्त कुणी वापरत नाही. २००५ च्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये लिहिलंय की प्रत्येक कार्यालयानं आपल्या अधिकाऱ्यांचा, कर्मचाऱ्यांचा महिन्याचा पगार कुणी न मागता जाहीर करायचा. कुठल्याही नोकरीचा अर्ज भरण्याआधी त्या खात्याचा हा तक्ता शोध.

पगार कशावर ठरतो? सगळ्यात आधी, मालक कोण यावर. ज्या कौंटीची वस्ती मोठी, कराची वसुली चांगली, राहणीमान महाग, तिथला पगार मोठा. केंद्र सरकारच्या नोकरीत तर हे उघड लिहिलेलं असतं. मूळ वेतनश्रेणी देशभर एकच, पण त्यावर जागेप्रमाणे भर पडते: सॅन फ्रान्सिस्को भागात ४५ टक्क्यांहून जास्त, आणि ज्या भागांना वेगळा दर नाही तिथं १७ टक्क्यांच्या आसपास. (या केंद्राच्या नोकऱ्या बहुतेक करून इथल्या नागरिकांनाच मिळतात, तेव्हा त्या आशेवर राहू नकोस.) मग खातं कुठलं ते. पोलिसांकडचा प्रवक्ता पुष्कळदा गणवेशातलाच सार्जंट असतो, त्याला त्याच्या हुद्द्याचा पगार मिळतो. माझ्यासारखी बिनगणवेशाची बाई कार्यालयीन श्रेणीत मोजली जाते. एकाच व्यासपीठावर, एकाच माइकसमोर आम्ही दोघं उभे असतो आणि पगाराचे तक्ते मात्र वेगळे.

त्यानंतर तुझी पायरी. कौंटीच्या पदाला सहसा पाचेक पायऱ्या असतात, एकेक पायरी साधारण पाच टक्क्यांची. रुजू होताना कितव्या पायरीवर बसवतात यावर पुढची कित्येक वर्षं ठरतात, म्हणून भाव करायचा तो पहिल्याच दिवशी. अनुभव तिथं कामी येतो. इकडं वर्तमानपत्रांतल्या नोकऱ्या भराभर गेल्या. २००८ साली बातमीदार-संपादक मिळून ७१ हजारांच्या घरात होते, २०२० पर्यंत ३१ हजार उरले. त्यातले कितीतरी चांगले पत्रकार या कामात आले. ज्याला रात्री अकराला चार ओळींत अचूक बातमी लिहिता येते, तो वरच्या पायरीवर बसतो. पदवी सगळेच मागतात, आपत्तीच्या कामाची प्रशिक्षणं झालेली असली तर आणखी बरं.

वेळेचा हिशोबही लक्षात ठेव. आमची नोकरी बहुतेक ठिकाणी ओव्हरटाइमच्या कायद्यातून वगळलेली असते. पगार ठरावीक, तास कितीही. वणव्याच्या दिवसांत मी सलग रात्री जागते, त्याचे वेगळे पैसे नाहीत. नंतर थोडी जास्तीची रजा मिळते एवढंच. हे मला खटकतं, आणि मी ते वरिष्ठांना स्पष्ट सांगितलंय.

आता ज्यासाठी खरं म्हणजे हे पत्र लिहायला घेतलं ते. माझ्या पगारात एक वेगळी ओळ आहे: दुसऱ्या भाषेचा भत्ता. इथं आल्यावर मी रात्रीच्या वर्गाला जाऊन स्पॅनिश शिकले, कौंटीची परीक्षा दिली आणि तेव्हापासून प्रत्येक पगारात तो भत्ता येतो. पंजाबी आणि ह्मोंग (आग्नेय आशियातून आलेल्या लोकांची भाषा) बोलणाऱ्या सहकाऱ्यांनाही येतो, कारण आमच्या भागात त्या लोकांची वस्ती मोठी आहे. कॅलिफोर्नियात १९७३ पासून कायदाच आहे: एखाद्या राज्य कार्यालयाकडं येणाऱ्यांत ५ टक्के लोक दुसऱ्या भाषेचे असले, तर त्यांच्या भाषेत काम करणारी माणसं ठेवायची.

तो भत्ता कशासाठी, हे मला मागच्या एका वणव्यात उमगलं. जत्रेच्या मैदानावर छावणी होती. एका बाजूला माणसांच्या खाटा, दुसऱ्या बाजूला गुरांचे गोठे. शेतमजुरी करणारे एक म्हातारे गृहस्थ फोन हातात धरून उभे होते. त्यावर इंग्रजीत सूचना होती की त्यांच्या भागात 'तयार राहा' असा इशारा आहे. शेजारच्या भागाला मात्र 'ताबडतोब निघा' असा हुकूम होता. त्यांना दोन्हीतला फरक कळलेला नव्हता. बायको घरीच होती, कारण शेळ्या सोडून ती निघायला तयार नव्हती. मी त्यांना स्पॅनिशमध्ये सांगितलं, शेळ्यांनाही इथं जागा आहे, आत्ताच घेऊन या, हुकूम निघायची वाट बघू नका. तासाभरात टेम्पोत शेळ्या आणि बायको घेऊन ते परत आले. त्यांच्या भागाला हुकूम निघाला तो संध्याकाळी.

त्या रात्री मला २०१९ चा ऑगस्ट आठवला. वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलेलं, पुणे-बेंगळूर रस्ता बंद, आणि दादा गल्लीत मोबाइल घेऊन फिरत होता. आपल्या नद्यांचं पाणी वरून, महाराष्ट्रातून येतं. वेदगंगेवरच्या पाटगाव धरणाची खबर कोल्हापूरहून मराठीत यायची, डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी ऑफिसचं पत्रक कन्नडमध्ये यायचं, आणि मधे व्हॉट्सअॅपवर कुठल्या कुठल्या अफवा. तू तेव्हा शाळेत होतीस. कन्नड पत्रक वाचून गल्लीतल्या बायकांना मराठीत सांगत होतीस की पाणी किती वाजता वाढणार. माऊ, माझ्या नोकरीत मी जे करते, तेच तू त्या दिवशी केलंस. कुणी तुला त्याचा एक पैसा दिला नाही, आणि ते काम आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही.

दादाच्या अर्जाचंही तेच. कायद्यात लिहिलंय की अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. म्हणजे निपाणीत मराठी अर्जाला कायद्याचा आधार नाही, पण हिंदीला आहे. तेव्हा दादाला सांग, कन्नड लिहून देणाऱ्याला पैसे मोजायची गरज नाही. हिंदीत स्वतः लिहायचं, कर्नाटकच्या नियमाप्रमाणे एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, १० रुपये फी. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. ते कन्नडमध्ये आलं की वाचायला तू आहेसच. आणि पीडीओंवर, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांवर, आवाज चढवू नका म्हणावं. माहिती अधिकारी म्हणून त्यांना वेगळा रुपयाही मिळत नाही, पगार मिळतो तो मूळ पदाचा. घरकुलं, नळपाणी, रोजगार हमी, सगळं सांभाळून हे वरचं काम. सबळ कारणाशिवाय उशीर झाला तर दिवसाला २५० रुपये, २५,००० पर्यंत दंड, आणि तो त्यांच्याच खिशातून. इतकी जबाबदारी टाकून मोबदला शून्य, हे मला बरोबर वाटत नाही. कायदा चांगला चालायला हवा असेल तर त्या माणसाला वेळ, मदतनीस आणि पैसे, तिन्ही द्यायला हवेत.

तुझ्यापुढं सरकारी नोकरीचे दोन रस्ते आहेत, इकडं यायची घाई करू नकोस. एक कर्नाटकचं माहिती व जनसंपर्क खातं. तिथं पगार वेतन आयोगावर. सातवा आयोग १ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाला, किमान मूळ वेतन १७,००० वरून २७,००० झालं. घरभाडं बेंगळूरला २० टक्के, लहान गावात ७.५. पेन्शन मात्र १ एप्रिल २००६ नंतर लागलेल्यांना नवीन पद्धतीची. यासाठी कन्नड बोलून भागत नाही, चांगलं लिहिता यायला हवं. कन्नड शिकणं म्हणजे मराठी सोडणं असं कुणी म्हणालं तर त्याचं मनावर घेऊ नकोस. सीमेवरच्या कार्यालयात मराठी माणसाचं म्हणणं समजून घेणारा अधिकारी हवा असेल, तर कन्नड उत्तम येणारा मराठी माणूसच तिथं बसायला हवा.

दुसरा रस्ता महाराष्ट्राचं माहिती व जनसंपर्क महासंचालनालय. जिल्हा माहिती अधिकारी वगैरे पदं लोकसेवा आयोगामार्फत भरतात. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिक उमेदवारांना तिथं अर्ज करता येतो, पण १५ वर्षं राहिल्याचा दाखला लागतो. दाखल्याला वेळ लागतो, म्हणून दादाला आत्तापासून कामाला लाव.

आणि खासगीत कुठं, साखर कारखान्यात, हॉस्पिटलात, संस्थेत, जनसंपर्काचं काम मिळालं, तर मुलाखतीत स्वतःहून सांगायचं: मला मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी, चारही भाषांत लिहिता येतं, चार माणसांचं काम मी एकटी करीन, त्याचा पगारात विचार व्हायला हवा. "आमच्याकडं सगळ्यांनाच येतं" म्हणतील. मग विचार, लिहिता कितीजणांना येतं?

सरावासाठी एक काम देते. पावसाळ्याआधी नदीकाठच्या लोकांनी काय तयारी ठेवायची, याचं शंभर शब्दांचं पत्रक मराठीत आणि कन्नडमध्ये लिही आणि दोन्हींचा फोटो मला पाठव. मराठी मी तपासते. कन्नड तुमच्या कॉलेजच्या एखाद्या कन्नड येणाऱ्या सरांना दाखव.

वहिनीला सांग, मागच्या खेपेचा कुंदा सगळ्या ऑफिसनं मिळून संपवला. आईच्या गुडघ्याला तेल लावतेस ना? उत्तर लवकर लिही.

तुझी,
आत्या