मिस्त्री, तुमचा हातमोजा आमच्याकडे राहिलाय

मिस्त्री, नमस्कार.

परवा फोनवर आभार मानायला गेले, तर तुम्ही ‘असू दे वो ताई, कामच हाय आमचं’ म्हणालात आणि मागे ग्राइंडर सुरू झाला. माझं बोलणं तिथंच राहिलं. म्हणून आता चार लोकांसमोर लिहितेय. तुमची मुलगी वाचून दाखवेल. आणि कोल्हापुरात लोखंडाचं काम करणाऱ्या, करून घेणाऱ्या सगळ्यांनीच हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

वाचणाऱ्यांसाठी आधीचं थोडक्यात सांगते. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, जिना बाहेरून, लोखंडी. बाबांना काचबिंदू आहे. बाजूचं काही दिसत नाही, समोरचंही नळीतून पाहावं तेवढंच. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची, एवढंच डॉक्टरांच्या हातात आहे. त्यामुळे बाबा जिना उतरतात ते हाताने. कठड्यावर तळवा ठेवायचा आणि तो नेईल तसं खाली यायचं.

मार्चमध्ये ज्यांनी हा जिना करून दिला त्यांचं नाव घेत नाही. दिसायला देखणा होता. सांधे गुळगुळीत, वर चकचकीत काळा रंग. पाहुणे कौतुक करून गेले. जूनच्या पावसात सांध्यासांध्यातून तांबडे ओघळ आले. मग रंगाचे पोपडे निघाले आणि त्याखालून लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लेप, बाहेर आली. श्रावणात एका सकाळी पाचवी पायरी एका अंगाला खचली. बाबांनी कठडा घट्ट धरला म्हणून वाचले, पण कठड्याच्या खालच्या कडेला राहिलेल्या कुसळानं त्यांचा तळवा चिरला. चार टाके पडले. फोन केला तर उत्तर काय, ‘लोखंड म्हटल्यावर गंज येणारच.’ पुढे फोन उचलणंच बंद. दुसरे एक जण आले, खाली उभं राहूनच म्हणाले, सगळं भंगारात घाला आणि स्टेनलेसचा नवा करा. जिन्यावर त्यांनी पायसुद्धा ठेवला नाही.

तुम्ही आलात तेव्हा पहिल्यांदा काय केलंत, आठवतं? पैशांचं बोलला नाहीत. कठड्याच्या एका सांध्यावरची लांबी स्क्रू ड्रायव्हरनं उकरलीत आणि मला जवळ बोलावून ‘बॅटरी मारा’ म्हणालात. मोबाइलचा उजेड आत गेला, आणि त्या फटीत चक्क पोस्टकार्डाची कड शिरली. ‘ताई, ह्यात माल भरलेलाच न्हाई. वरनं नुसता उंचवटा दिला आन् तोबी घासून काढला. मग राहिलं काय?’

मिस्त्री, एवढं एक वाक्य मला आधी कुणी सांगितलं असतं तर! पाच महिने मी त्या गुळगुळीतपणालाच चांगलं काम समजत होते. सांधा साफ करायचा तर आधी दोन्ही कडा उतरवून, मध्ये फट ठेवून, तळापर्यंत वेल्डिंगचा वितळलेला माल भरावा लागतो. मगच वरचा उंचवटा घासला तरी खाली ताकद उरते. इथे तो उंचवटा हाच सगळा सांधा होता, आणि तोच ग्राइंडरखाली गेला. उरलेल्या भोकावर लांबी, लांबीवर रंग. माझ्या वडिलांचा सगळा भार त्या रंगावर होता. हे आठवलं की अजून पोटात कालवतं.

तीन दिवस तुम्ही काम केलंत. त्यातलं सगळं लिहीत बसत नाही, मला सगळं कळलंही नाही. पण काही गोष्टी डोळ्यांसमोरून हलत नाहीत. सुरू करण्याआधी खालच्या भाडेकरूंच्या खिडकीच्या काचांवर ओली पोती टाकलीत, कारण ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुतून बसतात. समोरच्या बोळातली पोरं बघायला जमली तर आधी ताडपत्री बांधलीत. ‘डोळ्याला वेल्डिंग लागलं तर रात्रभर रडतील’ म्हणालात. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला आणि तुम्ही मशीन बंद केलंत. मी म्हटलं, अजून उजेड आहे की. तुम्ही सांगितलंत, मिगला, म्हणजे ह्या जातीच्या वेल्डिंगला, गॅसचं पांघरूण लागतं. वाऱ्यानं ते उडालं की सांध्यात सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. तेवढ्यात अशी भोकं पडलेला एक सांधा तुम्ही स्वतःच दाखवलात, घासून पार काढून टाकलात आणि दुसऱ्या दिवशी आडोसा करून परत भरलात. मला त्यातलं काहीही कळलं नसतं. रंगाखाली तो तसाच झाकला गेला असता.

आणि मी हट्ट धरला होता ते पायऱ्यांच्या खालच्या कोपऱ्यांचं. जिन्याच्या बाजूच्या लोखंडी चॅनेलला पायरी जिथे बसते तिथला वेल्डिंगचा कोपराही घासून साफ करा, म्हणजे सगळं एकसारखं दिसेल, असं मी दोनदा म्हटलं. तुम्ही शांतपणे नाही म्हणालात. ‘जिथं हात जातोय तिथं आरशासारखं करून देतो. ह्यो कोपरा घासायचा न्हाई, इथं ताकद हाय.’ पैसे देणाऱ्या माणसाला असं नाही म्हणणारे किती असतात? आज तो कोपरा उघडा दिसतो, एकावर एक कवड्या रचाव्यात तशा त्याच्या लाटा आहेत, आणि जिन्यात मला तीच जागा सगळ्यात जास्त आवडते.

पण हे पत्र लिहिण्याचं खरं कारण वेगळंच आहे. शेवटच्या संध्याकाळी कठडा घासून झाला होता. आधी दगड, मग फ्लॅप व्हील, मग त्याहून बारीक. मला वाटलं संपलं, मी चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तर तुम्ही वरच्या पायरीवर उभे होतात. उजव्या हातातला चामडी हातमोजा काढून बाजूला ठेवलात. डोळे मिटलेत. आणि उघडा तळवा कठड्यावर ठेवून एक एक पायरी उतरायला लागलात. अगदी बाबा उतरतात तसे, हळू, वाकून. तळवा वरून, बोटं खालून. मधल्या वळणावर थांबलात, डोळे मिटलेलेच, बोट दोनदा पुढे-मागे फिरवलंत. मग खिशातून कानस काढलीत आणि खालच्या कडेचं काहीतरी दहा-बारा वेळा घासलंत. परत वर गेलात. परत डोळे मिटून खाली. त्या वेळी कुठे थांबला नाहीत.

मी दारात कप घेऊन उभी होते. चहा निवला तरी मला हाक मारता आली नाही. बाबांच्या डोळ्यांबद्दल मी तुम्हाला पहिल्या दिवशी एकदाच बोलले होते, तेही जाता जाता.

आमचे बाबा एकतीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवत होते. अक्षर उलटं असो की बारीक, त्यांच्या बोटांना कळायचं. रंग वाळल्यावर ते स्वतः कठडा चाचपत खालपर्यंत गेले, परत वर आले आणि मला विचारलं, ‘अगं, ह्याला सांधेच नाहीत का?’ बारा सांधे आहेत, मिस्त्री. त्यांना एकही सापडला नाही.

आपल्या गावात मिस्त्री ह्या शब्दाला मान आहे. कलामहर्षी बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्रीच. सिनेमाचा कॅमेरा त्यांनी १९१८ च्या सुमारास ह्याच कोल्हापुरात हातानं घडवला. लहानपणी हे शाळेत ऐकलं तेव्हा ती फार मोठ्या माणसांची गोष्ट वाटायची. आता वाटतं, आतला भाग कुणी बघणार नाही हे ठाऊक असूनही तो नीट करणारी माणसं इथे अजून आहेत, गल्लीबोळात आहेत, फक्त त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. फसवणाऱ्यांच्या गोष्टी आपण वर्षभर सांगतो. मीही सांगितल्या. ज्यानं वडिलांचा हात सांभाळला त्याच्याबद्दल बोलायला मात्र मी दोन महिने लावले, त्याची मला लाज वाटते.

जिन्याच्या पायथ्याच्या बेस प्लेटच्या कडेला पाणी साचतंय का ते बघायला सांगितलं होतंत, बघते आहे. उरलेल्या रेड ऑक्साइडचा, त्या गंज रोखणाऱ्या रंगाचा, डबा झाकण घट्ट लावून ठेवलाय. आणि तो उजव्या हाताचा हातमोजा तुम्ही त्या दिवशी वरच्या पायरीवरच विसरलात. बाबांनी तो घडी करून देवळीत ठेवलाय, कुणाला हात लावू देत नाहीत. न्यायला या. सकाळी नऊच्या आत आलात तर ते तुम्हाला जिन्यातच भेटतील.

तुमची,
पाचव्या पायरीवाली ताई