रिफर गाडीबद्दल, सविस्तर

आडगाव नाका, नाशिक

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि महत्त्वाचं बोलणं अर्धवट राहतं, म्हणून सगळं लिहून पाठवतोय. आई, तूच त्यांना वाचून दाखव.

मालकांनी मला चालवायला दोन गाड्या पुढे ठेवल्यात, त्यातली एक निवडायचीय. एक नेहमीची, ताडपत्रीची. तिच्यात कांदा, सिमेंट, अंबड-सातपूरच्या कारखान्यांतला माल. दुसरी रिफर, म्हणजे थंड मालाची. पगार रिफरला थोडा जास्त आहे, पण मला ती घ्यावीशी वाटते ती पगारासाठी नाही.

बाबा, तुम्ही म्हणालात की कोरड्या मालाला ताप कमी. खरं आहे. टायर बसला, घाटात दोन तास अडकलो, तरी सिमेंटचं काही बिघडत नाही. भिवंडीत परतीचं भाडंही मिळून जातं. रिफरचं गार करणारं मशीन रस्त्यात बंद पडलं, तर मेकॅनिक येईपर्यंत जिवाला घोर. माल भरायची बंद पेटी आणि मशीन यांचंच वजन इतकं, की तेवढ्याच गाडीत माल कमी बसतो. मासळी नेलेली पेटी धुवून वास गेल्याशिवाय द्राक्षाला लावता येत नाही, त्यामुळे कित्येकदा रिकामंच परतावं लागतं. शिवाय मशीन रात्रभर केबिनच्या मागे घरघरत राहतं. आई, झोपेची सवय होईल, काळजी करू नकोस.

पण ताडपत्रीची गाडी बिनघोर असते असंही नाही. लासलगावचा कांदा पावसाळ्यात भरला आणि ताडपत्री गच्च आवळली, की आत वाफ धरते आणि कांदा सडायला लागतो. सैल ठेवली तर भिजतो. उतरवताना खराब निघाला की बोट ड्रायव्हरकडे. वाटेत थांबून ताडपत्री किती वेळा उघडली, किती वेळा बांधली, याचा पुरावा कुठून आणायचा?

रिफरमध्ये तो पुरावा असतो. पेटीत लॉगर ठेवतात, तो तापमान टिपत जातो. माल उतरवताना सगळा प्रवास कागदावर दिसतो. नीट काम करणाऱ्याला याची भीती वाटायचं कारण नाही. उलट आधारच वाटतो.

आपल्याकडे बऱ्याच जणांचा समज आहे की रिफरमध्ये गरम माल टाकला की तो गार होतो. तसं नाही. मशीन गार माल गार ठेवतं, एवढंच. द्राक्ष आधी पॅकहाऊसमध्येच, म्हणजे माल निवडून बॉक्समध्ये भरतात तिथेच, प्री-कूलिंग करून शून्य अंशाजवळ आणावं लागतं, आणि पेटीही भरायच्या आधी गार करून घ्यावी लागते. भरताना मण्यात थर्मामीटर टोचून बघायचं. माल छताला भिडवायचा नाही, नाहीतर वारा फिरत नाही आणि मागच्या दाराजवळचे बॉक्स तापतात. काही जण डिझेल वाचवायला ढाब्यावर मशीन बंद करतात. मग थंड मण्यांवर दव धरतं, बुरशीला तेवढं पुरतं. औषधांचा माल असेल तर २ ते ८ अंश, आइस्क्रीमला उणे १८. प्रत्येकाचं वेगळं.

बाबा, ऑक्टोबर छाटणीपासून तुम्ही बागेच्या मागे असता. डाऊनी-भुरीसारखे रोग, अवकाळी, सगळं सोसून घड तयार होतो. पॅकहाऊसला माल दिला की आपलं काम संपलं, असं आपण धरून चाललो. पण तोच माल पुढे न्हावा-शेवा बंदराला जातो, तिथून कित्येक आठवडे बोटीवर, तेव्हा कुठे नेदरलँड्सला पोचतो. नाशिकहून निघताना चार तास हयगय झाली, तर तिकडे बॉक्स उघडल्यावर देठ सुकलेला आणि मणी गळलेले दिसतात. बागायतदाराच्या मुलाने ही गाडी चालवावी असं मला मनापासून वाटतं.

कसारा घाटाची धास्ती सोडा. जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग इगतपुरीहून पुढे भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत सुरू झालाय. सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे, घाट उतरावा लागत नाही.

अडचण एकच आहे आणि ती मोठी आहे. द्राक्षाचा हंगाम जानेवारी ते एप्रिल. म्हणजे आपल्या बागेची खुडणी चालू असेल तेव्हाच मी दुसऱ्यांचा माल वाहत रस्त्यावर असणार. बाबांच्या कंबरेला आता क्रेट उचलणं झेपत नाही, आणि आई, तुझे गुडघे बघता तू दिवसभर बागेत उभं राहणं मला मान्य नाही. म्हणून बाबा, खुडणीच्या टोळीशी आत्ताच बोलून ठेवाल का? उचल मी पाठवतो. धाकट्या काकांना देखरेखीला विचारा.

मालकांना महिनाअखेर उत्तर द्यायचंय. टोळीचं जमणार नाही असं वाटलं तर संकोच न करता कळवा. मग मी यंदा ताडपत्रीची गाडी घेईन, आणि खुडणीच्या दिवसांत सुट्टी मिळेल एवढं आधीच बोलून ठेवीन.

तुमचा,
सोमनाथ